ऐकण्याचे मोल



वसंतातील या व्याख्यानांना आपण मोठमोठे विषय ऐकण्यासाठी येता. त्या मानाने माझा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. क्रिकेटचा सामना घरबसल्या ऐकावयाचा किंवा पाहावयाचा तर त्याचे पैसे कोणी द्यावेत, कसे द्यावेत आणि कोणाला द्यावेत, या प्रश्नाचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. महाविद्यालयाची पायरी मी चढलो ती तिथल्या शिपाई-कारकुनांच्या सभा घेण्यासाठी. तेव्हा माझ्याकडून पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण ठेवणार नाही, अशी आशा आहे. परंतु उभे आयुष्य पगारपत्रके आणि करारनामे वाचण्यात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणी एखादी वस्तू फुकट देऊ लागला की त्या वस्तूचे पैसे मुळात कोठून येतात, हे मी पाहतो. आणि तोच माणूस पुढे दाम मागू लागला की ते मागण्याचा अधिकार त्याला कोणत्या कलमाने मिळाला, हेही पाहतो.

हा प्रश्न आजच का निघावा? २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी आयपीएलचे सामने मोबाईलवर विनामूल्य दिसत होते. आमच्या वस्तीतल्या पोरांनी ते पाहिले, रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांनी पाहिले, ऑटोवाल्यांनी सवारीची वाट पाहता पाहता पाहिले. २०२५ साली दोन मोठ्या कंपन्यांची दालने एक झाली आणि सामन्यांवर वर्गणी बसली. मोबाईलपुरती सर्वांत स्वस्त वर्गणी तीन महिन्यांना १४९ रुपये ठरली. रक्कम फार मोठी नव्हे, असे कोणी म्हणेल. पण रक्कम किती याआधी एक प्रश्न येतो. दोन वर्षे जे मिळाले ते आमच्या हक्काचे होते की मालकाच्या मर्जीचे? याचे उत्तर शोधावयाचे तर सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागते.

एक परवाना, पन्नास कान

हिंदुस्थानात नभोवाणीचा रीतसर आरंभ झाला तो २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईस. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले आणि महिन्याभराने कलकत्त्याचे केंद्र निघाले. हे काम सरकारचे नव्हते. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचे होते. ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावयाचा आणि त्या परवान्याच्या उत्पन्नावर कंपनीने चालावयाचे, अशी योजना होती. इंग्लंडातही १९२२ साली दहा शिलिंगांच्या परवान्यावरच नभोवाणी उभी राहिली होती. इकडे मात्र हिशेब जमला नाही. १९२९ साल संपले तरी उभ्या देशात परवाने आठ हजारांच्या आतच राहिले. यंत्र महाग, दहा रुपये जड, आणि ज्यांच्याकडे यंत्र होते त्यांतलेही कित्येक परवान्यावाचून ऐकत. १९३० च्या मार्चात कंपनी बुडाली आणि १ एप्रिलपासून सरकारने तो कारभार हाती घेतला. पुढे १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. १९३६ साली या खात्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

याच धामधुमीत क्रिकेट नभोवाणीवर आले. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे संघ धर्माधर्मांप्रमाणे लढत. १९३४ साली त्यांचे धावते वर्णन ए. एफ. एस. उर्फ बॉबी तल्यारखान यांनी केले. हे गृहस्थ दिवसभर एकटे बोलत. ध्वनिक्षेपकापाशी दुसरा भागीदार त्यांना खपत नसे. भाषा अर्थातच इंग्रजी होती. म्हणजे परवान्याचे पैसे देणारा एक वर्ग आणि समजणारा त्याहून लहान वर्ग, अशी त्या वेळची स्थिती होती.

आपल्या नागपुरास केंद्र मिळाले ते स्वातंत्र्यानंतर, १६ जुलै १९४८ रोजी. पुढल्या वीस वर्षांत रेडिओ दिवाणखान्यातून निघून पानठेल्यावर आला, आणि ट्रान्झिस्टर निघाल्यावर खांद्यावरही आला. क्रिकेटची भाषाही बदलत गेली. हिंदीतून वर्णन होऊ लागले. मराठीत बाळ ज. पंडित यांनी खेळातल्या एकेका प्रकाराला आपल्या भाषेतला शब्द दिला, आणि ज्याने कधी मैदान पाहिले नाही अशा माणसालाही चेंडू कोठे गेला हे कळू लागले. १९६९ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. त्यात न्यूझीलंडने आपल्याला १६७ धावांनी हरविले. मैदानात काही हजार माणसांना जागा मिळते. बाकी मुलखाला त्या सामन्यात जागा मिळते ती ऐकण्याने.

माझे वडील एका कापड गिरणीत साच्यावर होते. आमच्या घरी एक रेडिओ होता आणि त्याच्या परवान्याची पुस्तिका होती. दरवर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरावयाचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून आणावयाचे. वडिलांना हे पैसे देणे मुळीच आवडत नसे. परंतु सामना असला की तेच रेडिओ खिडकीत आणून ठेवीत आणि त्याचे तोंड रस्त्याकडे फिरवीत. ओट्यावर पंधरा-वीस माणसे बसत. पाळीवरून सुटलेला माणूस सायकल टेकवून उभा राही. एक परवाना आणि पन्नास कान, असा तो हिशेब होता. पोस्टातल्या कोणाही कारकुनाने कधी येऊन कान मोजले नाहीत. हॉटेल-दुकानांसाठी परवाना वेगळा आणि महाग होता, हे खरे. पण तेथेही गिऱ्हाइकाच्या कानाला स्वतंत्र दर नव्हता. चहा घ्या अथवा नुसते उभे राहा, धावसंख्या सर्वांना सारखीच ऐकू येई.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, क्रिकेट ऐकणे आपल्याकडे फुकट कधीच नव्हते. पैसे दिले जात होते. मात्र ज्यांना शक्य होते ते सारे मिळून देत आणि ज्यांना शक्य नव्हते तेही ऐकत. आम्ही संघटनेत वर्गणी जमवितो तिच्यासारखाच हा प्रकार होता. पगारवाढीचा करार झाला की वर्गणी न देणाऱ्यालाही वाढ मिळते. त्याबद्दल आम्ही कुरकुर करतो, परंतु त्याची वाढ कापा, असे कधी म्हणत नाही.

या व्यवस्थेत दोष नव्हते काय? होते, आणि मोठे होते. यंत्रणा एकट्या सरकारची होती. काय ऐकवावयाचे ते दिल्लीत ठरे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात या मक्तेदारीचा उपयोग कसा झाला, हे कामगार कार्यकर्त्यांना तरी सांगावे लागू नये. पैसे सर्वांचे आणि आवाज एकाचा, ही गोष्ट काही आदर्श नव्हे. परंतु मालकी चुकीच्या हाती होती म्हणून मिळून पैसे देण्याची रीतही चुकीची होती, असे मात्र ठरत नाही.

दरम्यान पैशाची दुसरी वाट उघडली होती, आणि तिच्या आरंभी नागपूरचे नाव आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. त्या दिवसापासून श्रोता दोन अंगांनी उपयोगी पडू लागला. तो परवान्याचे पैसे देणारा होताच, आता साबण-तेल विकणाऱ्यांना दाखविण्याचा मालही झाला. १९८० नंतरच्या काही वर्षांत परवाने टप्प्याटप्प्याने रद्द झाले. आम्हां सर्वांना आनंद झाला. परंतु परवान्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पैसे देणाऱ्याचा जाब विचारण्याचा अधिकार गेला.

कुंपण कोणाचे, दृष्टी कोणाची

आता थोडे परदेशांत जाऊ. सामन्याचे वर्णन ही कोणाची मालमत्ता आहे काय, हा प्रश्न तिकडे फार आधी न्यायालयांत गेला होता.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथे व्हिक्टोरिया पार्क नावाचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते. मैदानाशेजारी राहणाऱ्या एका गृहस्थाने आपल्या अंगणात मचाण बांधू दिले. त्यावर चढून एक निवेदक कुंपणापलीकडची शर्यत नभोवाणीवरून सांगू लागला. मैदानाच्या मालकांची प्राप्ती घटली आणि त्यांनी दावा लावला. १९३७ साली तेथील उच्चतम न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी मालकांच्या विरुद्ध निकाल दिला. दिसणाऱ्या गोष्टीवर मालकी नसते, आपल्या जागेतून कोणीही पाहावे आणि पाहिले ते सांगावे. मालकाला ते नको असेल तर त्याने कुंपण उंच करावे. असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी नेमका उलटा न्याय झाला. तेथील बेसबॉल संघाने आपल्या सामन्यांच्या वर्णनाचे हक्क पीठ विकणाऱ्या एका बड्या कंपनीला दिले होते. दुसऱ्या एका रेडिओ केंद्राने मैदानाबाहेरची, आत दिसेल अशी जागा भाड्याने घेतली आणि तेथून वर्णन चालविले. न्यायालयाने त्यास मनाई केली. सामना संघाने उभा केला, खर्च संघाने केला, तेव्हा त्याच्या ताज्या बातमीवर पहिला अधिकार संघाचा, असे न्यायालयाने धरले. याच शहरात १९२१ साली विद्यापीठांमधील फुटबॉलचा सामना पहिल्याने नभोवाणीवर आला होता. तेव्हा त्यात विकण्यासारखे काही आहे, हे कोणाच्या ध्यानीही आले नव्हते.

ही दोन मते आपण लक्षात ठेवावीत. खेळाच्या बातमीचा सारा पुढचा इतिहास या दोन मतांमधली रस्सीखेच आहे. दोन्ही बाजूंना काही सत्य आहे, हेही मी कबूल करतो. मैदान राखणारा माळी, खेळाडू, पंच, ध्वनिक्षेपकापाशी घसा कोरडा करणारा निवेदक आणि तारा ओढणारा कामगार यांना मजुरी मिळाली पाहिजे. ती मजुरी कोठून तरी आलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की ती गोळा करण्यासाठी कुंपण किती उंच करावयाचे?

आपल्याकडे कित्येक वर्षे कुंपणाचा विचारच कोणी केला नव्हता. सामने दाखविणारे एकटे दूरदर्शन होते आणि क्रिकेट मंडळाला आपल्याजवळ विकाऊ माल आहे याचा पत्ता नव्हता. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ येथे आला तेव्हा त्यांच्या देशातून चित्रणाच्या हक्कांची किंमत विचारली गेली आणि मंडळाचे डोळे उघडले. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषकाच्या सामन्यांचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन रागावले. १८८५ च्या तार-कायद्याखाली आकाशातल्या लहरी सरकारच्या आहेत, परवानगीवाचून येथून चित्र बाहेर पाठविता येणार नाही, असा पवित्रा सरकारने घेतला. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितले की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची खाजगी मिळकत नव्हे आणि कोणा धनवंताचीही नव्हे. तिचा उपयोग जनतेच्या हितासाठी, सार्वजनिक नियंत्रणाखाली झाला पाहिजे. या निकालाची आठवण लोक फार करून पहिल्या अर्ध्या भागासाठी करतात. सरकारची मक्तेदारी गेली, एवढेच सांगतात. दुसरा अर्धा भाग, म्हणजे श्रोत्यांचा आणि प्रेक्षकांचा हक्क, विसरला जातो. त्या दुसऱ्या भागाची कसोटी लागली ती बारा वर्षांनी, आपल्याच गावात.

नागपूरचा रविवार

२००६ साली क्रिकेट मंडळाने आपल्या घरच्या सामन्यांचे चार वर्षांचे हक्क निंबस नावाच्या कंपनीला ६१ कोटी २० लाख डॉलरना विकले. कंपनीने स्वतःची निओ स्पोर्ट्स ही वाहिनी काढली. आता सामना पाहावयाचा तर ही वाहिनी घ्यावयाची आणि तिचे दाम मोजावयाचे. दूरदर्शनला चित्र द्यावे की नाही, कोणत्या अटींवर द्यावे, याचा वाद चालू असतानाच वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला.

२१ जानेवारी २००७, रविवार. मालिकेचा पहिला एकदिवसीय सामना सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर होता. बऱ्याच काळाने संघात परतलेला सौरव गांगुली ९८ धावांवर धावबाद झाला. धोनीने नाबाद ६२ धावा केल्या. भारताच्या ३ बाद ३३८ झाल्या. उत्तरादाखल शिवनारायण चंद्रपॉलने नाबाद १४९ धावा काढून सामना अखेरच्या षटकांपर्यंत ओढीत नेला आणि वेस्ट इंडीजचा संघ ३२४ वर थांबला. चौदा धावांनी विजय! असा सामना नागपुरात वारंवार होत नाही. आणि हाच सामना दूरदर्शनवर थेट दिसला नाही. छपरावरच्या अँटेनावर विसंबून असलेले घर, मग ते काटोलचे असो की गडचिरोलीचे, त्या दिवशी या सामन्याला मुकले. सामना जिल्ह्यात झाला आणि जिल्ह्यातल्या खेड्यांना दिसला नाही, असा हा योग होता.

सुदैवाने गोष्ट तेथे थांबली नाही. प्रसारभारतीने दिल्ली उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. दोन दिवसांत हुकूम झाला की कंपनीने चित्र द्यावे, मात्र दूरदर्शनने ते सात मिनिटे उशिरा दाखवावे. मोठी गमतीची तडजोड आहे ही! पैसेवाल्याचा चौकार आधी आणि गरिबाचा तोच चौकार सात मिनिटांनी. फेब्रुवारीच्या आरंभी सरकारने वटहुकूम काढला आणि मार्चमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्या वेळचे नभोवाणी मंत्री प्रियरंजन दासमुन्शी हे फुटबॉल महासंघाचेही अध्यक्ष होते, हा एक योगायोगच.

या कायद्याचे कलम सामान्य माणसाने वाचण्यासारखे आहे. राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून जाहीर झालेला सामना ज्याला थेट दाखवावयाचा असेल, किंवा नभोवाणीवर ज्याचे वर्णन करावयाचे असेल, त्याने त्याच वेळी त्याचा संकेत, स्वतःच्या जाहिराती वगळून, प्रसारभारतीला दिला पाहिजे. सात मिनिटांचा उशीर गेला. त्यातून येणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नात दूरदर्शनच्या बाबतीत ७५ टक्के वाटा हक्काच्या मालकाचा आणि २५ टक्के प्रसारभारतीचा, तर नभोवाणीच्या बाबतीत निम्मा निम्मा. म्हणजे मालकाला कोणी लुबाडले नाही. त्याचे कुंपण पाडले नाही. त्यात एक फाटक ठेवावयास लावले, आणि फाटकाच्या उत्पन्नातला वाटाही त्याला दिला. नागपूरच्या त्या रविवारी खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकांना जे सोसावे लागले त्याचे हे फळ आहे. आपल्या शहराच्या इतिहासात या गोष्टीची नोंद सहसा होत नाही, म्हणून आज मुद्दाम करीत आहे.

फाटक कोठपर्यंत

तथापि कायदा जेथे लिहिला जातो तेथेच उभा राहतो आणि व्यापार पुढे चालतो. २००७ च्या कायद्यात प्रसारभारतीच्या जमिनीवरील प्रक्षेपणाचा आणि थेट घरी येणाऱ्या उपग्रह सेवेचा उल्लेख आहे. इंटरनेटचा नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची अक्षरे तपासून सांगितले की हा संकेत प्रसारभारतीने आपल्या स्वतःच्या या दोन मार्गांनीच दाखवावा, खाजगी केबलवाल्यांच्या तारेतून तो जाता कामा नये. कायद्याच्या अक्षरास धरून तो निकाल योग्यच असेल. परंतु परिणाम असा झाला की ज्याच्या घरी अँटेना नाही आणि सरकारी तबकडीही नाही, केवळ केबल आहे, त्याला फाटक असून नसल्यासारखे झाले. आणि आज ज्याच्याजवळ फक्त मोबाईल आहे, त्याचे काय?

बाहेरच्या जगात हा प्रश्न आधीच आला होता. अमेरिकेत बेसबॉलचे नभोवर्णन इंटरनेटवरून प्रथम विनामूल्य ऐकू येई. २००१ साली तेथील मुख्य संघटनेने साऱ्या मोसमासाठी ९ डॉलर ९५ सेंट वर्गणी बसविली. विद्यापीठांच्या फुटबॉललाही ती वाट सापडली. गाव सोडून नोकरीसाठी दूर गेलेला माणूस आपल्या जुन्या विद्यापीठाचा सामना इंटरनेटवर ऐके, त्याला आता पैसे मागण्यात आले. गावात राहणारा मात्र तोच आवाज जुन्या रेडिओवर पूर्वीसारखाच ऐकत होता. आवाज एक, निवेदक एक, सामना एक. केवळ वाट बदलली म्हणून दाम. इंग्लंडात २००५ ची अॅशेस मालिका सर्वांच्या दूरचित्रवाणीवर दिसली आणि नंतर घरच्या कसोटी मालिका वर्गणीच्या वाहिनीवर गेल्या. म्हणजे ही एकट्या आपल्या देशाची तक्रार नव्हे.

येथे दिल्लीत तर धावसंख्येवरच मालकी सांगण्यापर्यंत मजल गेली. मोबाईलवर संदेशाने धावसंख्या कळविणाऱ्या कंपन्यांविरुद्ध हक्कमालक कंपनीने दावा लावला. २०१३ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी अशा संदेशांना पंधरा मिनिटांचा उशीर लावला. ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने तो हुकूम रद्द केला. घडलेली गोष्ट सांगण्यावर कोणाची मालकी नसते, असा त्याचा आशय होता. सिडनीचे मचाण आणि पिट्सबर्गची भाड्याची जागा पंचाहत्तर वर्षांनी दिल्लीत पुन्हा समोरासमोर आली, असे म्हणावयास हरकत नाही. तो वादही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पानठेल्यावर पाटीवर खडूने धावसंख्या लिहिणाऱ्या माणसाला आपण कोणाची मालमत्ता चोरतो आहोत असे कधी स्वप्नातही वाटले नसेल!

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुष्कळशा मोबाईलमध्ये रेडिओची सोय करणे शक्य असूनही ती ठेवली जात नव्हती, किंवा बंद करून ठेवली जात होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला मोबाईल बनविणाऱ्यांना सूचना द्यावी लागली की फोनमध्ये एफएम रेडिओ उपलब्ध ठेवा. ज्या वाटेने आवाज विनामूल्य येतो ती वाट यंत्रातच बुजविली, की माणूस आपोआप पैशाच्या वाटेने जातो. गिरणीचे मागचे दार बंद केले की सर्वांना मुकादमाच्या समोरूनच जावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

बक्षीस की हक्क

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. २०२३ आणि २०२४ साली जे विनामूल्य मिळाले ते काय होते? २०२२ च्या लिलावात आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यांत मोबाईलचा हक्क वेगळा विकला गेला होता. एवढे पैसे ओतणारा मनुष्य आपल्याला सामना दाखवितो तो धर्मादाय म्हणून नव्हे. प्रथम गिऱ्हाईक जमवावयाचे, सवय लावावयाची आणि प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणजे दर लावावयाचा, ही बाजाराची जुनी रीत आहे. त्यात बेकायदा काही नाही. आयपीएल तर राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीतही नाही, तेव्हा त्याबद्दल मी भांडतही नाही.

मी भांडतो तो वेगळ्या गोष्टीबद्दल. कामगारांना बोनसचा इतिहास ठाऊक आहे. एके काळी बोनस हे मालकाचे बक्षीस समजले जाई. वर्ष बरे गेले, मालक खूश झाला, की दिवाळीला काही हातावर पडे. पुढल्या वर्षी न दिले तर विचारणार कोण? पुष्कळ संप आणि पुष्कळ निवाडे झाले, तेव्हा १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि बक्षिसाचा हक्क झाला. रक्कम कदाचित तेवढीच राहिली असेल, काहींची कमीही झाली असेल. पण ती घेताना मान खाली घालावी लागेनाशी झाली. विनामूल्य सामन्याचे तसेच आहे. मालकाने मर्जीने दाखविलेला सामना हे बक्षीस होय. नागपूरच्या त्या रविवारनंतर कायद्याने दाखविला गेलेला सामना हा हक्क होय. पहिल्याची सवय लागली म्हणजे दुसऱ्याचे महत्त्व विसरते, आणि मग बक्षीस बंद झाले की माणूस नुसता चडफडतो. मागणी काय करावी हे त्याला सुचत नाही.

म्हणून मागणी काय करावी ते स्पष्ट सांगतो. जे सामने सरकारच्या यादीत राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून आधीच आहेत, त्यांचे निदान धावते वर्णन, निदान आवाज, ज्या कोणत्या यंत्रावर माणूस ऐकत असेल त्या यंत्रावर आकाशवाणीमार्फत विनामूल्य मिळावे. ते मराठीसह साऱ्या मोठ्या भाषांत मिळावे, आणि हे कोणाच्या कराराच्या मर्जीवर न राहता कायद्यात लिहिले जावे. चित्राला भारी यंत्रसामग्री लागते; आवाजाला माणूस, ध्वनिक्षेपक आणि भाषा लागते. नभोवाणीच्या उत्पन्नात निम्मा वाटा मालकाला देण्याची तरतूद २००७ च्या कायद्यात आहेच. तीच पुढे इंटरनेटला लावावी. आणि जो निवेदक दिवसभर बोलतो, जो तंत्रज्ञ तारा जोडतो, त्यांना योग्य वेतन मिळावे, कारण श्रोत्याचे विनामूल्य हे दुसऱ्या कोणाच्या बुडालेल्या मजुरीतून येता कामा नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप एका खेळासाठी? भाकरीचे प्रश्न संपले काय? संपलेले नाहीत, आणि त्यांसाठीच माझे दिवस जातात. परंतु कामगार हा केवळ पोट नव्हे. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, ही आमच्या चळवळीची जगभरची जुनी मागणी आहे. त्या शेवटच्या आठ तासांत माणूस काय ऐकतो, कोणाबरोबर ऐकतो, याची किंमत कोणी ठरवावी, हा कामाच्या तासांइतकाच खरा प्रश्न आहे. ओट्यावर पन्नास माणसे एका रेडिओभोवती बसत तेव्हा त्यांत साचेवाला असे, हमाल असे, शेजारचा मास्तरही असे, आणि सामना संपल्यावर बोलणे क्रिकेटवरून पगारावर, पगारावरून गावाकडच्या पावसावर जाई. प्रत्येकाच्या कानाचे भाडे स्वतंत्रपणे आकारले जाऊ लागले म्हणजे पैसा जातो तो जातोच, शिवाय ही बैठकही मोडते.  संघटनेची सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने होते. आपल्याला मिळते ते बक्षीस आहे की हक्क, हे माणसाने एकदा मोठ्याने विचारावे लागते. आज या व्यासपीठावरून मी ते विचारले आहे.